स्टेअरिंग मध्येच जड होतंय? कॉलम (स्टेअरिंगचा दांडा) बदलण्याआधी वायरींच्या जोडण्या तपासा

सकाळी गाडी ठणठणीत. संध्याकाळी एसी आणि हेडलाइट चालू असताना पार्किंगमध्ये स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवलं की ते दगडासारखं जड होतं आणि मीटरवर स्टेअरिंगचं चिन्ह असलेला दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत. इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंगची, म्हणजे ईपीएसची (यात स्टेअरिंग फिरवायला इलेक्ट्रिक मोटर मदत करते), अशी येऊन-जाऊन तक्रार असेल तर पहिला संशय जोडण्यांवर घ्यावा. जळलेली मोटर बंद-चालू केल्यानं बरी होत नाही.

कारण समजून घेतलं तर पुढची तपासणी सोपी जाते. उभ्या गाडीत स्टेअरिंग टोकाला नेताना छोट्या हॅचबॅकची मोटरसुद्धा ५०-६० अँपिअर करंट ओढू शकते. वाटेतल्या एखाद्या बोल्टवर गंज चढून फक्त ०.०२ ओहम अडथळा तयार झाला, तर ६० अँपिअरला तिथेच १.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि त्या एवढ्याशा जागी ७२ वॉट उष्णता तयार होते. साध्या २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या जवळपास तिप्पट! उष्णतेनं जोडणी आणखी बिघडते, व्होल्टेज आणखी पडतं आणि शेवटी ईपीएसचं मॉड्यूल, म्हणजे मोटर चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, मदत देणं थांबवतं.

म्हणूनच मल्टिमीटर ओहमवर लावून ‘वायर ठीक आहे’ म्हणणं फसवं. मीटरच्या दोन वायरींचाच अडथळा ०.२ ओहमच्या आसपास असतो, त्यात ०.०२ दिसणार कुठून? शिवाय दहा तारांपैकी एकच धड राहिली तरी बीप वाजतोच. जोडणी तपासायची ती करंट वाहत असतानाच.

आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट मिळायला हवेत. मिळत नसतील तर बॅटरी-अल्टरनेटरचं काम आधी उरका, पुढचे आकडे तोवर निरर्थक.

मग नजर आणि हात. इंजिन बंद ठेवून बॅटरीची टर्मिनलं हातानं पिळून बघा. जरासुद्धा हलता कामा नयेत. पांढरी-हिरवी पूड, बॉडीला कसलेल्या अर्थिंगच्या (निगेटिव्ह वायरीच्या) थिंबलखालचा, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीखालचा गंज, फ्यूज बॉक्समध्ये ईपीएसच्या मोठ्या फ्यूजभोवती पिवळट-तपकिरी पडलेलं प्लास्टिक, कडक झालेलं वायरचं आवरण, यातलं काहीही दिसलं तर खूण करून ठेवा. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायरही इथेच सापडते.

आता खरी चाचणी. दुसरा माणूस लागेल. गाडी सपाट जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खांबावरच लावा, वरच्या क्लँपवर नाही. नाहीतर खांब आणि क्लँपमधला दोष सुटून जातो. काळं टोक ईपीएस मॉड्यूलच्या जाड पॉझिटिव्ह वायरीच्या कपलरला (वायरी जोडणाऱ्या प्लगला), मागच्या बाजूनं बारीक पिन सरकवून. आवरणाला भोक पाडू नका, पुढच्या पावसात तिथूनच गंज चढतो. साथीदारानं स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. टोकाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरायचं नाही. सलग खेळत राहिलात तर मोटर तापते आणि ईपीएस स्वतःहून मदत कमी करतं. तो बिघाड नव्हे.

फिरवतानाचा सर्वांत मोठा आकडा टिपा. ०.५ व्होल्टच्या आत असेल तर चालेल. अर्थिंगची बाजू अशीच मोजा: मॉड्यूलची काळी जाड वायर ते बॅटरीचा निगेटिव्ह खांब, इथे ०.२ च्या वर गेलं की शंका घ्या. हे ढोबळ नियम. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा.

आकडा जास्त आला तर वाटेचे तुकडे पाडा: खांब ते क्लँप, फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, कपलरच्या दोन बाजू. एका जोडणीवर ०.१ पेक्षा जास्त दिसलं की चोर सापडला.

टॉर्क सेन्सरच्या (स्टेअरिंगवर किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) बारीक वायरींना ही पद्धत लागू नाही, कारण तिथे करंट नगण्य. त्यांच्यासाठी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचायच्या यंत्रावर) सेन्सरचा लाइव्ह आकडा लावून कपलर आणि वायरी हळूच हलवा. स्टेअरिंग स्थिर असताना आकडा उडी मारत असेल तर पिनांवर बघा. कथिलाचा मुलामा असलेल्या पिना कंपनानं केसाएवढ्याही नाही इतक्या घासत राहतात आणि तिथे ऑक्साइडचा काळा ठिपका तयार होतो. समोरच्या मादी टर्मिनलमध्ये त्याच मापाची मोकळी पिन घालून ओढा. पकड जाणवली पाहिजे. आपोआप निसटली तर ते टर्मिनल बदला. पॉलिश पेपर मात्र अजिबात नको, मुलामाच निघून जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

पिवळ्या आवरणातल्या वायरी आणि पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, तिथे पिन किंवा मीटर लावायचं नाही. हॉर्न बंद, स्टेअरिंगवरची बटणं बंद आणि एअरबॅगचा दिवा चालू, असं एकदम झालं तर संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे फिरत्या स्टेअरिंगपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर. ते काम वर्कशॉपचं.

दुरुस्तीसाठी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा, लावताना ते शेवटी. पूड असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा कालवून ब्रशनं धुवा, कोरडं करा, थिंबलखालचा रंग-गंज खरवडून बोल्ट कसा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत ईपीएसचा दिवा तसाच राहतो; इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्ही टोकांना एकदा नेलं की बहुधा विझतो. त्यानंतर तीच चाचणी पुन्हा घ्या. आकडा खाली आला नसेल तर दुसरी एखादी जोडणी अजून शिल्लक आहे.