म्हातारं, आजारी मांजर कमी खातंय : घरी काय करायचं, डॉक्टरकडे कधी धावायचं

सकाळी टाकलेलं संध्याकाळी तसंच पडलेलं दिसलं, तर आधी घड्याळ बघा. शेवटचं पोटात कधी गेलं? कुत्रा एखादा दिवस उपाशी राहिला तर फारसं बिघडत नाही, मांजराचं तसं नसतं. उपाशी मांजराच्या अंगावरची चरबी सुटून यकृतात साचते, यकृताला ती पेलत नाही आणि काही दिवसांत कावीळ दिसू लागते. लठ्ठ मांजराला हा धोका सगळ्यात जास्त. म्हणजे ‘अंगात भरपूर आहे, दोन दिवस चालेल’ हा हिशोब नेमका उलटा. पूर्ण २४ तास काहीच गेलं नाही तर डॉक्टर. रोजच्या निम्म्यावर तीन दिवस चाललंय, तरीही डॉक्टर.

निम्मं आहे की पाव, हे मोजून ठरवा. घरात दोन-तीन मांजरं असली की वाटी रिकामी होते, पण खाल्लेलं असतं दुसऱ्याच कुणी. म्हाताऱ्याला वेगळ्या खोलीत वाढा, वाढताना आणि उचलताना स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. पडून असताना मांजराला किती लागतं याचं सोपं गणित : किलोतलं वजन गुणिले ३०, अधिक ७०. चार किलोच्या मांजराला १९० किलोकॅलरी. नुसत्या उकडलेल्या बोनलेस चिकनवर भागवायचं तर साधारण सव्वाशे ग्रॅम. मांजराचं वजनही दर आठवड्याला टोपलीसकट त्याच काट्यावर करा आणि टोपलीचं वजा करा. माणसाच्या वजनकाट्यावर कडेवर घेऊन केलेल्या वजनात शे-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते, आणि इथे प्रश्नच तेवढ्याचा असतो : चार किलोचं मांजर महिन्याभरात २०० ग्रॅमनं उतरलं, तर ती मोठी घट समजा.

नको, जमत नाही, की मळमळतंय?

सगळं इथेच ठरतं, आणि बहुतेक घरांत हेच न बघता एकामागून एक नवी पाकिटं फोडली जातात.

वाटीजवळ उत्सुकतेनं येतं, एक घास घेतं, डोकं झटकतं, एका बाजूनं चावतं, तोंडातून घास पडतो, लाळेला वास येतो : दुखणं दातांचं किंवा हिरड्यांचं आहे. भूक शाबूत असते. अशा वेळी मऊ, वाटलेलं खाणं चालून जातं, पण सडका दात काढल्याशिवाय खरा आराम पडत नाही.

येतं, हुंगतं, ओठ चाटतं, घोट गिळल्यासारखं करतं आणि मान फिरवून निघून जातं, कधी पंजानं फरशी खरवडून अन्न पुरल्यासारखं करतं : ही मळमळ. म्हाताऱ्या मांजरांत याचं एक नेहमीचं कारण म्हणजे मूत्रपिंडाचा जुना आजार. पाणी जास्त पिणं, लघवी वाढणं, अंग वाळणं, मग खाणं कमी होणं, असा त्याचा क्रम. मळमळत्या मांजराच्या नाकाशी वाटी नेत राहिलात, तर ते त्या अन्नाचा त्रासाशी संबंध जोडतं आणि बरं झाल्यावरही त्याला तोंड लावत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचं महागडं खास खाणं अशा दिवशी सुरू करू नका. आधी मळमळीवर औषध, मग जुनं आवडतं खाणं, आणि पोट स्थिर झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत थोडं थोडं मिसळत बदल. दरम्यान ‘चुकीचं’ खाणं खाल्लं तरी हरकत नाही, उपाशी राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

वाटीपर्यंत येतच नाही, उठताना अडखळतं, उडी मारत नाही : सांधे तपासून घ्या. वाटी जमिनीपासून चार-पाच इंच उंचावर ठेवा, एखादा पाट पुरतो. नाक चोंदलं असेल तर वास येत नाही, आणि वास नाही तर मांजराला अन्न हे अन्नच वाटत नाही. गरम पाण्याच्या बादलीसोबत बंद न्हाणीघरात दहा मिनिटं बसवा, नाकपुड्या ओल्या कापसानं पुसा. दोन दिवसांपासून शी झाली नसेल, तर तेही भूक मरण्याचं कारण.

ताट मांडताना

अन्न अंगाइतकं कोमट हवं, ३७-३८ अंश. वाटी पाच मिनिटं गरम पाण्याच्या गंजात ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये मधेच चटका बसेल इतकं गरम राहतं, म्हणून तिथून काढल्यावर ढवळून बोट लावून बघा. एका वेळी एक-दोन चमचे, दिवसातून सहा वेळा. खोल वाटीपेक्षा पसरट स्टीलची ताटली बरी.

आता नागपूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी निरोगी मांजरही खात नाही, तेव्हा खाण्याचा जास्त भाग पहाटे पाच-सहाला आणि रात्री दहानंतर ठेवा. ओलं खाणं अर्ध्या तासात उचला, नाहीतर आंबतं. कूलरच्या झोतासमोर ताटली नको : वास उडून जातो आणि कोरडे दाणे दमट होऊन मऊ पडतात. दाण्यांचं मोठं पोतं स्वस्त पडतं खरं, पण ४४-४५ अंशांत त्यातली चरबी खवट होते. आपल्याला कळायच्या आधी मांजराला कळतं. एक किलोचं पाकीट घ्या आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ताटलीजवळ फिनाईलनं पुसू नका. वास तर नकोसा असतोच, पण त्यातलं फिनॉल मांजराला विषारी आहे. आणि संत्र्याच्या दिवसांत सालं तिथे पडू देऊ नका, तो वास बहुतेक मांजरांना खपत नाही.

घरचं करायचं तर : पाव किलो बोनलेस चिकन, दोन पेले पाणी, दोन शिट्या. मीठ, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, शिजवलेला, वाळवलेला, पावडर, कोणताही. त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सावजीच्या रश्श्यात बुडवलेला तुकडा ‘चवीला’ देणं म्हणूनच नको. पाणी फेकू नका, तेच कोमट करून वर ओता, त्यानं वासही येतो आणि पाणीही पोटात जातं. रोहूसारखा मासा काटे काढून चालतो. खारवलेला सुका मासा मूत्रपिंडाच्या रुग्णाला नको. दूध बऱ्याच मांजरांना पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसतं चिकन हे चार-आठ दिवसांचं काम आहे, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं आणि इतरही बरंच हवं ते नसतं.

पाणी दिवसाला किलोमागे ५० मिलीच्या आसपास लागतं, खाण्यातलं धरून. घरात दोन-तीन ठिकाणी पसरट भांडी ठेवा, खाण्यापासून आणि शी-लघवीच्या ट्रेपासून लांब. उन्हाळ्यात मातीचं परळ उत्तम, त्यात पाणी गार राहतं.

सिरिंजनं भरवणं

हा डॉक्टरांशी बोलूनच करायचा उपाय, आणि मळमळ थांबल्यावरच. पाकिटातलं ओलं खाणं दोन-तीन चमचे कोमट पाण्यात मिक्सरमधून काढा आणि चहाच्या गाळणीतून गाळा, नाहीतर सिरिंज अडते आणि जोर दिल्यावर सगळं एकदम उडतं. सुईविना ५ मिलीची सिरिंज घ्या. मांजर पोटावर बसलेलं, पाठ तुमच्याकडे, मान सरळ. मान मागे टाकू नका, अन्न श्वासनलिकेत जातं. सुळ्याच्या मागच्या फटीतून गालात १ मिली सोडा, गिळलेलं दिसू द्या, मग पुढचं. पहिल्या दिवशी गरजेच्या एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात.

हिशोब करून बघा : पाकिटात ७० किलोकॅलरी, पाण्यासकट झालं शंभरेक मिली. १९० साठी २७० मिली लागतं. एका वेळी ३०-४० मिलीच्या वर जात नाही, म्हणजे दिवसाला सात-आठ झटापटी. आठवडाभरात मांजर तुम्हाला बघून पलंगाखाली जायला लागतं. लांबणार असेल तर मानेतून अन्ननळीत नळी बसवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. ऐकायला भयंकर, पण तिच्यातून औषधही जातं आणि मांजर तशा अवस्थेत स्वतःहूनही खाऊ शकतं.

गोळी जेवणात मिसळू नका, त्या जेवणावरूनही मन उडतं. डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिली तर मागून ५ मिली पाणी पाजाच, ती अन्ननळीत चिकटून जखम करते. मिर्टाझापिनसारखी भूक वाढवणारी औषधं आहेत, पण मात्रा मांजराच्या मूत्रपिंडावर ठरते. ताप वाटतोय म्हणून घरातलं पॅरासिटामॉल कधीच नाही : ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते.

डॉक्टरकडे उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत निघा, पिंजऱ्यात ओला टॉवेल घालून. जवळ सोय नसेल तर सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे. खाण्या-वजनाची वही, उलटीचा किंवा शीचा मोबाईलवरचा फोटो आणि सुरू असलेल्या औषधांची पाकिटं सोबत घ्या. रक्तात क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), फॉस्फरस, पोटॅशियम, साखर आणि थायरॉइड, शिवाय लघवीची घनता आणि रक्तदाब, एवढं विचारून घ्या. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, कानाच्या आत किंवा हिरड्यांवर पिवळेपणा, लघवीला बसून काहीच न होणं, अंग गार पडणं : यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, आधी फोन करा आणि उघडा असेल तो दवाखाना गाठा.