महापालिकेच्या सभेत मतदान कसं चालतं, काय बघायचं

आपल्या वॉर्डाचा विषय महासभेत येणार असेल तर आधी विषयपत्रिका मिळवा. एक नगरसेवक प्रस्ताव मांडतो (सूचक), दुसरा त्याला पाठिंबा देतो (अनुमोदक), मग चर्चा, आणि कुणाला बदल हवा असेल तर उपसूचना. ही उपसूचना नीट ऐकाच, कारण रस्त्याची रुंदी, निधी असं सगळं तिच्यातच बदलतं आणि गोंधळात "मंजूर, मंजूर" होऊन जातं! आवाजी मतदानात कोण कुठल्या बाजूने होतं ते कळत नाही, म्हणून आपल्या नगरसेवकाला आधीच सांगून ठेवा की पोल (प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवणारं मतदान) मागा, विरोध असेल तर इतिवृत्तात नोंदवायला लावा. समसमान मतं पडली तर महापौरांचं निर्णायक मत. स्वीकृत (निवडून न येता नेमलेले) नगरसेवक आणि आयुक्त बोलू शकतात, पण मत देऊ शकत नाहीत.