ताठरतेच्या गोळ्यांची तुलना कशी करावी

लिंगाला पुरेशी ताठरता न येण्याच्या समस्येवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळणाऱ्या गोळ्यांची तुलना करायला बसलेला माणूस बहुधा एकच प्रश्न मनात घेऊन बसतो: यांतली सर्वांत जोरदार गोळी कोणती? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर काहीसे निराश करणारे आहे. सिल्डेनाफिल, व्हार्डेनाफिल, टाडालाफिल आणि अव्हानाफिल ही चारही औषधे एकाच कुळातली असून योग्य मात्रेत आणि योग्य रीतीने घेतल्यास त्यांची परिणामकारकता जवळपास सारखीच असते. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ सालच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच म्हटलेले आहे. त्यांच्यात खरा फरक आहे तो वेळेचा. गोळी किती वेळात लागू पडते, किती वेळ टिकते आणि शरीरातून कधी बाहेर पडते, या तीन गोष्टींवर तुलना उभी करावी. त्यांपैकी तिसरी गोष्ट सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे.

तुलनेआधी औषधाचे काम समजून घेतले, तर पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. लैंगिक उत्तेजना मिळाली की लिंगातील मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवते. त्यामुळे तिथल्या स्नायुपेशींत सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ तयार होतो, स्नायू सैल पडतात, रक्त आत शिरते आणि ताठरता येते. पीडीई-५ नावाचे विकर (एन्झाइम) हा पदार्थ सतत मोडत असते, आणि या गोळ्या त्या विकराला अडवतात. म्हणजे गोळी ताठरता निर्माण करत नाही. शरीराने सुरू केलेली प्रक्रिया ती लवकर विझू देत नाही, एवढेच. उत्तेजनाच नसेल तर अडवण्यासारखे काही घडत नाही आणि गोळी निष्फळ ठरते. तिने कामेच्छा वाढते हा समजही म्हणूनच चुकीचा आहे.

याच यंत्रणेतून सर्वांत मोठा धोकाही कळतो. छातीत दुखण्यावर दिली जाणारी नायट्रेट वर्गातील औषधे, म्हणजे जिभेखाली ठेवायची वा फवारायची नायट्रोग्लिसरीन आणि आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या, शरीराला बाहेरून नायट्रिक ऑक्साइडच पुरवतात. एकीकडे पुरवठा वाढला आणि दुसरीकडे मोडतोड थांबली, तर सर्वांगातील रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत कोसळू शकतो. तेव्हा जो माणूस नायट्रेट घेतो, मग ते रोज असो वा कधीमधी, त्याच्यासाठी चौघींतली कोणतीही गोळी वर्ज्य आहे आणि तुलना तिथेच संपते. छातीत दुखण्यावरचेच निकोरँडिल, फुप्फुसातील रक्तदाबावरचे रिओसिग्वाट आणि नशेसाठी हुंगले जाणारे अमाइल नायट्राइट यांनाही हाच नियम लागू आहे.

म्हणून तुलनेची पहिली पायरी गोळ्यांच्या वेष्टनावरची माहिती वाचणे ही नव्हे, तर आपण आधीपासून घेत असलेल्या औषधांची संपूर्ण यादी लिहून काढणे ही आहे. प्रोस्टेटवाढीसाठी वा रक्तदाबासाठी टॅमसुलोसिन, डॉक्साझोसिन यांसारखे अल्फा-ब्लॉकर चालू असतील, तर ताठरतेची गोळी पूर्णतः निषिद्ध ठरत नाही. मात्र अल्फा-ब्लॉकरची मात्रा आधी स्थिरावलेली असावी लागते आणि नवी गोळी सर्वांत कमी मात्रेने सुरू करावी लागते. अन्यथा उठून उभे राहताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. केटोकोनॅझोल, इट्राकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन आणि एचआयव्हीच्या उपचारातील रिटोनाव्हिर ही औषधे यकृताच्या ज्या विकराला दाबतात, त्याच विकराकडून या गोळ्यांचा निचरा होतो. त्यामुळे छोटी मात्राही रक्तात मोठी होऊन बसते. अशा औषधांबरोबर अव्हानाफिल देत नाहीत, तर रिटोनाव्हिरबरोबर सिल्डेनाफिल ४८ तासांत २५ मिलीग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. व्हार्डेनाफिलची एक वेगळी अडचण आहे: ईसीजीमधील क्यूटी हे अंतर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला लागणारा वेळ, ते किंचित वाढवते, म्हणून ज्यांना हे अंतर जन्मतः लांब असण्याचा विकार आहे, किंवा जे अमिओडॅरोन, सोटॅलॉल यांसारखी हृदयाच्या लयीवरची औषधे घेतात, त्यांनी ते टाळावे.

यादी करताना एक उपयुक्त शोधही लागू शकतो. काही बीटा-ब्लॉकर, थायझाइड वर्गातील मूत्रल औषधे, स्पायरोनोलॅक्टोन, फिनास्टेराइड आणि नैराश्यावरची अनेक औषधे स्वतःच ताठरता कमी करू शकतात. अशा वेळी नवी गोळी वाढवण्याऐवजी जुनी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. मनाने मात्र ती बंद करू नये.

दुसरी पायरी हृदयाची. शरीरसंबंध हा हृदयासाठी मध्यम स्वरूपाचा व्यायाम आहे. दोन जिने न थांबता चढल्यावर छातीत दुखत नसेल किंवा धाप लागत नसेल, तर ते श्रम बहुधा पेलतात. अलीकडे हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, छातीत दुखणे आटोक्यात नसेल, रक्तदाब फारच कमी किंवा अनियंत्रित असेल, तर आधी हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. उलट बाजूही लक्षात ठेवण्यासारखी आहे. लिंगातील धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधीकधी तिथे आधी दिसतो आणि हृदयात नंतर. त्यामुळे रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब न तपासता केवळ गोळी लिहून देणारी भेट मी अपुरी मानतो.

आता वेळेकडे वळू. १९९८ साली अमेरिकेत मंजूर झालेले सिल्डेनाफिल या कुळातील पहिले औषध. मुळात छातीतील वेदनांवर उपाय म्हणून त्याचा अभ्यास चालू होता आणि त्या चाचण्यांत त्याचा हा दुसरा परिणाम लक्षात आला. ते साधारण एक तास आधी घ्यावे लागते. दर चार तासांनी त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होते, म्हणून उपयोगाचा काळ चार-पाच तासांचा धरावा. व्हार्डेनाफिलचे वेळापत्रक जवळपास असेच आहे. अव्हानाफिल सर्वांत तरुण, २०१२ सालचे. १०० किंवा २०० मिलीग्रॅमची गोळी सुमारे पंधरा मिनिटे आधी घेतली तरी चालते, आणि ज्यांना घड्याळ लावून बसणे नकोसे वाटते त्यांना हा फरक मोलाचा वाटतो. टाडालाफिलचा स्वभाव मात्र निराळाच आहे. त्याचे प्रमाण निम्मे व्हायला साडेसतरा तास लागतात आणि परिणाम ३६ तासांपर्यंत टिकू शकतो. याचा अर्थ ताठरता ३६ तास राहते असा नव्हे; त्या काळात उत्तेजना मिळाली तर शरीर साथ देण्याची शक्यता वाढलेली असते, असा आहे.

हा लांबलचक काळ अनेकांना निव्वळ फायदाच वाटतो आणि टाडालाफिल निवडण्यामागे बहुतेकदा तेच कारण असते. पण जे औषध शनिवारी रात्री घेतले ते सोमवारी सकाळीही अंगात असते. रविवारी दुपारी छातीत कळ आली आणि रुग्णालयात कुणी जिभेखाली नायट्रेट ठेवले, तर तो ‘फायदा’ क्षणात उलटतो. आपत्कालीन स्थितीतही नायट्रेट देण्यापूर्वी टाडालाफिलनंतर किमान ४८ तास, सिल्डेनाफिल आणि व्हार्डेनाफिलनंतर २४ तास आणि अव्हानाफिलनंतर किमान १२ तास जाऊ द्यावे लागतात. ज्यांच्या हृदयाची तब्येत आज ठीक असली तरी भरवशाची नाही, त्यांनी कमी टिकणाऱ्या गोळीचा आधी विचार करावा, असे माझे मत आहे. शिवाय कोणतीही गोळी निवडली तरी तिचे नाव जोडीदाराला ठाऊक असावे. संकोच कितीही असला तरी रुग्णवाहिकेत ही माहिती देणारे दुसरे कोणी नसते.

टाडालाफिलचा दुसरा प्रकार रोज घेण्याचा आहे: अडीच किंवा पाच मिलीग्रॅमची गोळी दररोज साधारण एकाच वेळी. सुमारे पाच दिवसांत रक्तातील पातळी स्थिरावते आणि मग गोळी आणि संबंध यांची सांगड घालण्याची गरज उरत नाही. आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा संबंध येणाऱ्यांना ही पद्धत सोयीची पडते. प्रोस्टेटवाढीमुळे वारंवार लघवीला जावे लागणाऱ्यांना पाच मिलीग्रॅमची रोजची गोळी त्या तक्रारीवरही उपयोगी पडते, म्हणजे एका औषधात दोन कामे होतात. महिन्यातून एक-दोनदाच गरज पडणाऱ्याने रोज औषध पोटात घालण्यात मात्र फारसा अर्थ नाही.

जेवणाचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण गोळी ‘फसली’ असे सांगणाऱ्यांपैकी कित्येकांची चूक इथेच असते. तेलकट-तुपकट, भरपेट जेवणावर सिल्डेनाफिल घेतले तर त्याचा रक्तातील उच्चांक सुमारे तासभर पुढे ढकलला जातो आणि कमीही होतो. व्हार्डेनाफिललाही तसाच फटका बसतो. टाडालाफिलला जेवणाने फरक पडत नाही आणि अव्हानाफिललाही व्यवहारात फारसा नाही. ज्यांची जवळीक रात्रीच्या जेवणानंतरचीच असते, त्यांना ही एक बाब निर्णायक ठरू शकते. मद्य जास्त झाले तर रक्तदाब उतरतो आणि ताठरताही बिघडते, तेव्हा ते मर्यादेतच असावे.

दुष्परिणामांपैकी डोकेदुखी, चेहरा लाल होऊन गरम वाटणे, नाक चोंदणे आणि पोटात जळजळणे हे चौघींतही आढळतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. फरक तपशिलांत आहेत. सिल्डेनाफिल डोळ्यांच्या पडद्यातील पीडीई-६ या जवळच्या विकरालाही थोडे अडवते, म्हणून काहींना काही काळ सगळे निळसर दिसते किंवा उजेड टोचतो. टाडालाफिलने कंबर आणि स्नायू दुखू शकतात. हे दुखणे गोळीनंतर बारा ते चोवीस तासांनी सुरू होऊन सहसा दोन दिवसांत थांबते, त्यामुळे त्याचा गोळीशी संबंध आहे हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. ताठरता चार तासांहून अधिक टिकली, अचानक एका वा दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. असे क्वचितच होते, परंतु झाल्यास उशीर परवडत नाही.

मात्रेची सुरुवात सामान्यतः सिल्डेनाफिल ५० मिलीग्रॅम, व्हार्डेनाफिल १०, टाडालाफिल १० आणि अव्हानाफिल १०० मिलीग्रॅम अशी असते. कमाल मर्यादा अनुक्रमे १००, २०, २० आणि २०० मिलीग्रॅमची. हे आकडे एकमेकांसमोर ठेवून कोणती गोळी ‘जड’ हे ठरवू नये, कारण दर मिलीग्रॅममागे प्रत्येक औषधाची ताकद वेगळी असते. यकृत वा मूत्रपिंड कमजोर असेल, तर सुरुवात बहुधा त्याहून कमी मात्रेने होते; सिल्डेनाफिल आणि व्हार्डेनाफिलच्या बाबतीत वय पासष्टच्या पुढे असले तरीही. चोवीस तासांत एकच मात्रा घ्यावी आणि दोन निरनिराळ्या गोळ्या कधीही एकत्र करू नयेत. सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल फुप्फुसातील रक्तदाबासाठीही दुसऱ्या नावांनी दिली जातात, म्हणून तुलना नेहमी वेष्टनावरच्या मूळ घटकाची करावी, नावाची नव्हे. जेनेरिक गोळीत घटक आणि मात्रा तीच असते. ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत आणि कॅप्सुलांत मात्र वेष्टनावर न छापलेले सिल्डेनाफिल औषध नियंत्रकांना वारंवार सापडलेले आहे. नायट्रेट घेणाऱ्या माणसाच्या हातात अशी पुडी पडणे म्हणजे काय, हे वर आलेच आहे.

निवडलेल्या गोळीला न्याय द्यायचा तर ती एकदा घेऊन निकाल देऊ नये. योग्य वेळी, हलक्या पोटी आणि पुरेशा उत्तेजनासह किमान सहा वेळा, गरजेप्रमाणे मात्रा वाढवून पाहावी आणि प्रत्येक वेळची वेळ, जेवण आणि परिणाम दोन ओळींत टिपून ठेवावे. पहिल्या एक-दोन वेळच्या अपयशात मनावरच्या ताणाचा वाटा मोठा असतो. तरीही उपयोग न झाल्यास दुसरी गोळी वापरून पाहता येते, आणि कामेच्छाही मंदावलेली असेल तर सकाळच्या वेळी टेस्टोस्टेरॉनची तपासणी करून घ्यावी, कारण ते कमी असताना या गोळ्या एकट्या पुरत नाहीत. दीर्घकाळच्या मधुमेहात किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावले गेले असतील, तर नायट्रिक ऑक्साइडच कमी सुटते आणि मग चारही गोळ्या अपुऱ्या पडू शकतात.

अशांसाठी आणि ज्यांना नायट्रेटमुळे गोळी घेताच येत नाही त्यांच्यासाठी अल्प्रोस्टॅडिल हे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध आहे. लिंगात बारीक सुईने टोचून किंवा मूत्रमार्गात छोटी कांडी ठेवून ते दिले जाते. टोचलेल्या औषधाला उत्तेजनाची वाट पाहावी लागत नाही, पण पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यायची असते, कारण ताठरता किती वेळ टिकते हे पाहूनच पुढची मात्रा ठरते. औषधच नको असेल तर हवेच्या पोकळीने रक्त ओढणारे उपकरण आहे. त्यासोबत मुळाशी बसवलेली रबरी कडी तीस मिनिटांत काढावी लागते.