क्षारपड रानात पीक हिरवंगार पण वाढ नाही? युरियाचं पोतं जरा बाजूला ठेवा

ऊन तापायला लागलं की खालचं मीठ पाण्याबरोबर वर चढतं, वरंब्याच्या माथ्यावर पांढरा थर दिसतो आणि पीक खुजं राहतं. पानं गर्द हिरवी असतात, तरी आपण भूक लागली समजून युरिया फेकतो. पण झाड उपाशी नाहीये, त्यानं मुद्दाम ब्रेक लावलाय.

मुळाला मीठ कळलं की काही तासांत अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड (झाडाचं ताणाच्या वेळचं संप्रेरक) वाढतं, त्यानं पानांची छिद्रं मिटतात, पाणी वाचतं पण अन्न बनवणंही मंदावतं, शिवाय जिबरेलिन हे उंची वाढवणारं संप्रेरक कमी होतं म्हणून उंची थांबते. अशात युरिया टाकला म्हणजे मुळापाशी क्षारासारखाच ताण आणखी वाढवला.

दुसरा मार बसतो तो काही दिवसांनी, मिठातलं सोडियम जुन्या पानांत साठून त्या पानांची टोकं करपतात तेव्हा. मीठ सोसणारी झाडं इथंच वेगळी पडतात: कॅल्शियमचा इशारा मिळाला की मुळातून सोडियम बाहेर ढकलतात, वर चाललेलं वाटेतच काढून घेतात, आणि तरीही पोचलंच तर पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवतात. मग पेशीच्या बाकी भागात तोल राखायला प्रोलिन, ग्लायसिन बीटेन असले पदार्थ भरावे लागतात. जव, बीट, पालक बीटेन भरपूर बनवतात, भाताला ते जवळपास जमतच नाही. या सगळ्याला ताकद लागते, ती उत्पन्नातूनच जाते. फवारायला मिळणाऱ्या प्रोलिनच्या बाटल्यांवर माझा फार भरवसा नाही, कारण प्रोलिन मीठ न सोसणाऱ्या नाजूक वाणांतही वाढतं, म्हणजे बऱ्याचदा ती नुसती त्रासाची खूण असते.

आपण काय करायचं? सोडियमशी टक्कर पोटॅश देतं, पण म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असतं आणि त्याचा क्षार निर्देशांक (खत मुळापाशी किती खारटपणा वाढवतं त्याचं माप) 116 च्या आसपास, सल्फेट ऑफ पोटॅशचा साधारण 46, त्यामुळे महाग पडलं तरी क्षारपड रानात सल्फेटच घ्या. जिप्सम मात्र सरसकट टाकू नका, ते चोपण जमिनीचं औषध, म्हणजे सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम, 15 टक्क्यांच्या पुढे असेल तिथं. नुसतं मीठ असेल तर चर काढून निचरा आणि गोडं पाणी, दुसरा इलाज नाही.

पाणी हलकं पण लवकर लवकर द्या, रान कोरडं पडू देऊ नका कारण ओल कमी झाली की उरलेल्या पाण्यात मीठ घट्ट होतं. तुंबवूही नका, मुळं गुदमरली की इथिलीन हा झाडातला वायुरूप संप्रेरक वाढतो आणि पानं पिवळी पडून गळायला लागतात. बी वरंब्याच्या माथ्यावर न टाकता बगलेला टोका.

पीक निवडताना माती परीक्षणातली ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे मिठाचं माप) बघा. उत्पन्न घटायला लागतं ते जवात 8, कापसात 7.7, गव्हात 6, भातात 3, टोमॅटोत 2.5 आणि कांद्यात 1.2 डेसीसायमन प्रति मीटरच्या पुढे. हे आकडे संपृक्त चिखलाच्या अर्काचे, म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून काढलेल्या पाण्याचे आहेत, बऱ्याच लॅब एक भाग माती अडीच भाग पाण्यात घालून मोजतात आणि तो आकडा कमी येतो, तेव्हा रिपोर्ट घेताना कुठल्या पद्धतीचा ते विचाराच. आणि बीट सोसतं म्हणून बिनधास्त पेरू नका, उगवताना तेही नाजूकच असतं, पेरणीआधी एक भरपूर गोडं पाणी देऊन वरचं मीठ खाली उतरवा.