जुनी ऑब्जेक्ट फाइल? लिंकरचं मॅन्युअल उघडा

जुन्या मशीनवरच्या ऑब्जेक्ट फाइलची (कंपायलरने सोर्स कोडपासून बनवलेल्या मशीन कोडच्या फाइलची) रचना शोधायला आपण आधी कंपायलरचं मॅन्युअल उघडतो. तिथे सहसा काही हाती लागत नाही. ती फाइल वाचतो लिंकर, म्हणजे अशा फाइली जोडून चालवता येणारा प्रोग्राम बनवणारं साधन; तेव्हा त्याचं मॅन्युअल चाळा. शोधताना ‘ऑब्जेक्ट मॉड्यूल’ हा शब्दही टाकून बघा. युनिक्सवर ए.आउट या जुन्या फॉरमॅटचं मॅन पेज (मॅन्युअलचं पान) आणि हेडर फाइल बहुतेकदा पुरते. स्कॅन केलेली जुनी मॅन्युअल्स बिटसेव्हर्स या ऑनलाइन संग्रहात ढिगाने आहेत.

फॉरमॅटच ठाऊक नसेल तर हेक्स डम्प काढा, म्हणजे फाइलीतले बाइट हेक्स (सोळा-आधारी) आकड्यांत छापून बघा. डॉसच्या ओबीजे फाइलीत पहिला बाइट हेक्समध्ये ८० निघाला, तर ते बहुधा इंटेलचं ओएमएफ (ऑब्जेक्ट मॉड्यूल फॉरमॅट): पुढचे दोन बाइट रेकॉर्डची लांबी, मग नावाची लांबी आणि नाव, बरेचदा सोर्स फाइलचंच. सुरुवातीला ४सी ०१ दिसलं तर ३८६ प्रोसेसरसाठीचं कॉफ हे दुसरं फॉरमॅट समजा.