खाडा पडू न देता: मोठ्या माणसांसाठी एसी दुरुस्तीचा वर्ग कसा चालवावा

मी आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून गोवंडी-मानखुर्द भागात एका मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांना एसी दुरुस्ती शिकवतो. रोजच्या कामासाठी नाक्यावर उभे राहणारे, हमाली करणारे, सोसायटीत वॉचमन असलेले, कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं हेल्पर म्हणून राबलेले, असे सगळे येतात. तुमच्या वस्तीत असा वर्ग सुरू करायचा असेल किंवा चालू वर्ग रखडला असेल, तर पुढचं उपयोगी पडेल. ट्रेड सोलरचा असो, इलेक्ट्रिक गाड्यांचा असो की रुग्णसेवेचा, बरंचसं तसंच लागू होतं.

मोठा माणूस वर्ग अर्धवट सोडतो, त्याच्यामागे बहुतेक वेळा खाडा असतो. दिवसाची मजुरी बुडाली की त्याच संध्याकाळी घरात रेशनचा प्रश्न येतो. म्हणून आधी माणसाचा दिवस बघा, मग अभ्यासक्रम लिहायला घ्या. नाक्यावरचा माणूस सकाळी आठच्या आत घर सोडतो आणि संध्याकाळी सातपर्यंत परततो. त्याच्यासाठी साडेसात ते साडेनऊ, आणि प्रॅक्टिकल रविवारी दिवसभर. घरकाम करणाऱ्या ताईंना दुपारी दोन ते चार मोकळे मिळतात, पाचला त्यांची संध्याकाळची कामं सुरू होतात. गल्लीत पाणी कधी येतं तेही विचारून घ्या. पाण्याच्या वेळेवर ठेवलेल्या वर्गाला बायका येणार नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. हॉलच्या एका कोपऱ्यात लहान मुलांना सांभाळायला एखादी बालवाडीची ताई मानधनावर ठेवा. हा खर्च बजेटमध्ये पहिल्या पानावर लिहा, नाहीतर देणगीदार सगळ्यात आधी तोच कापतात. रविवारचं जेवण वर्गाकडून द्या.

ट्रेड निवडताना आपल्या वस्तीतून कुठल्या कामावर रोज जाता येईल, हे स्वतः लोकलने जाऊन पाहा. मानखुर्दहून खाडी ओलांडली की वाशी. तिथून ठाण्याची गाडी पकडली की तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे, ऐरोली. या पट्ट्यात डेटा सेंटरं, म्हणजे कंपन्यांचे संगणक ठेवायच्या मोठ्या इमारती, उभी राहिली आहेत आणि ती चोवीस तास थंड ठेवावी लागतात. इकडे परळची इस्पितळं, बीकेसीतली म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली ऑफिसं, उपनगरातले टॉवर. कूलिंगचं काम वाढतंय, हे सरकारी कागदावरही आहे: २०१९ च्या इंडिया कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅनमध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियन प्रशिक्षित करण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं.

कंपनीत गेलात की एचआरच्या साहेबांना भेटा, पण तिथेच थांबू नका. सुपरवायझरला गाठा, चहा घ्या आणि एवढंच विचारा: नवा माणूस पहिल्या महिन्यात कुठे अडकतो? मला मिळालेली उत्तरं पुस्तकात कधी सापडली नव्हती. फ्लेअर, म्हणजे जोडणीसाठी पसरवलेलं पाइपचं तोंड, नीट निघत नाही, म्हणून जॉइंट गळतो. जॉब कार्ड, म्हणजे केलेल्या कामाची नोंद, भरता येत नाही. ग्राहकाच्या घरात काय बोलायचं कळत नाही, म्हणून माणूस गप्प राहतो आणि ग्राहकाला वाटतं की याला काम येत नाही. ही उत्तरं हाच तुमचा अभ्यासक्रम. वर्ग संपायच्या आधी एका रविवारी त्याच सुपरवायझरला हॉलमध्ये बोलवा आणि परीक्षा त्याला घेऊ द्या. ज्याचा हात त्याने स्वतः पाहिलाय, त्याला तो कामावर बोलावतो.

आता शिकवण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक वर्ग इथेच कच्चे राहतात.

जुना हेल्पर कोरी पाटी घेऊन येत नाही. तो ‘गॅस मारायला’ शिकलेला असतो: एसी थंड करत नाही, मार गॅस. गळती कुठे आहे ते शोधायचं नाही, पाइपमधली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप लावायचा नाही, ती हवा गॅसनेच ढकलून बाहेर काढायची. आर-२२ या जुन्या एसी गॅसच्या जमान्यात हे खपून गेलं. तो गॅस पेट घेत नव्हता. आता बाजारात आर-३२ आहे, काही मशिनांत आर-२९० म्हणजे प्रोपेन आहे. आर-३२ थोडा पेटतो, प्रोपेन तर घरातल्या सिलिंडरसारखाच. शिवाय आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे जुने गेज आणि जुना अंदाज दोन्ही बाद. हे नुसतं सांगून पटत नाही. वीस वर्षं काम केलेल्या माणसाला ‘तुमचं चुकतंय’ म्हटलं की तो दुसऱ्या दिवशी येत नाही. त्याला दोन मशिनं द्या. एकावर त्याच्या पद्धतीने काम करू द्या, दुसऱ्यावर नायट्रोजनने दाब तपासून आणि व्हॅक्यूम मारून. हे दाखवायला आर-२२ चं जुनं मशीनच घ्या, पेटणाऱ्या गॅसवर हा प्रयोग कधीही नको. मग दोन्हीकडचे गेज आणि विजेचा प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरचा आकडा त्यालाच वाचायला लावा. आणि पहिल्या दिवसापासून बजावा की दाब तपासायला ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही; कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी संबंध आला की स्फोट होतो.

तांब्याची पाइप महाग आहे, म्हणून बऱ्याच ठिकाणी सर फ्लेअर करून दाखवतात आणि बाकीचे बघतात. असा वर्ग चालवू नका. हाताने शंभरदा केल्याशिवाय फ्लेअर बसत नाही. पाइप, ती जोडायच्या ब्रेझिंगच्या काड्या, नायट्रोजन यांचे पैसे वेगळे मागा, आणि मिळाले नाहीत तर बॅच लहान करा. वीस जणांनी बघण्यापेक्षा आठ जणांनी करणं मला पटतं.

सेफ्टी बेल्टसाठी एक पूर्ण रविवार ठेवा. मुंबईत आउटडोअर युनिट बाराव्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीवर लटकलेलं असतं आणि ग्राहक म्हणतो, ‘पाच मिनिटांचं काम आहे.’ बेल्ट कशाला अडकवायचा, ग्रिलला का नाही, आणि अडकवायला जागा नसेल तर ‘मी उतरणार नाही’ हे ग्राहकाच्या तोंडावर कसं म्हणायचं, याचा वर्गात मोठ्याने सराव घ्या. मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटते.

इंग्रजी लागतं तेवढंच शिकवा: नेमप्लेटवरचे शब्द, एरर कोड, जॉब कार्डचे रकाने. सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला ते महिन्याभरात येतं.

योजनांची माहिती वयाप्रमाणे करून घ्या. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्यांना विद्यावेतन मिळतं, म्हणजे शिकताना खाडा नाही. २०१६ पासूनच्या योजनेत त्याचा काही भाग सरकार उचलतं, पण तिथे वयाची अट ३५ पर्यंत आहे. त्यापुढच्या अनुभवी माणसासाठी प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेतली आरपीएल, म्हणजे आधीच्या शिकण्याला मान्यता, बघा. तिथे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. माझ्या मते नाक्यावरच्या कारागिरासाठी हीच सगळ्यात न्यायाची वाट आहे, कारण त्याने कमावलेलं त्याच्या नावावर लागतं.

कागदपत्रं पहिल्याच आठवड्यात तपासा. आधारवर एक नाव, बँकेत दुसरं, असं निघालं की पीएफचा नंबर अडकतो आणि हातात आलेली नोकरी लांबते.

पहिल्या पगाराची व्यवस्था हा भाग मी कुठल्याच माहितीपत्रकात पाहिलेला नाही. रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात संध्याकाळी पैसे असतात. तो एक तारखेला कामावर लागला तर पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. मधले चाळीस दिवस त्याने कसे काढायचे? रोजचं गाडीभाडं, डबा, घरभाडं, मुलांची फी थांबत नाही. चांगली लागलेली नोकरी सोडून माणूस पुन्हा नाक्यावर दिसतो, तो यामुळे. म्हणून मालकाशी बोलणी करतानाच पहिल्या महिन्यापुरती दर आठवड्याला उचल मागून घ्या. ते जमत नसेल तर वस्तीतल्या बचत गटाशी बोलून वर्गाच्या हमीवर छोटं कर्ज ठरवा. पहिले तीन महिने दर रविवारी कामाला लागलेल्यांना हॉलवर बोलवा. कुणाची सुपरवायझरशी कुरबुर असते, कुणाला एखादा एरर कोड उमगत नसतो. नव्या बॅचला त्यांच्या तोंडून ऐकायलाही मिळतं.

अहवालात किती जणांना प्रमाणपत्र दिलं ते लिहावंच लागतं. स्वतःच्या वहीत मात्र वेगळं लिहा: सहा महिन्यांनी कोण कामावर आहे, आधी महिन्याला हातात किती पडायचे आणि आता किती. सोडून गेलेल्यांच्या घरी जाऊन कारण विचारा आणि पुढच्या बॅचची वेळ, जागा, फी त्यावरून बदला.

बॅच कधी सुरू करायची, तेही सांगतो. मे महिन्यात माणसं गावी जातात, गणपतीत कोकणातला माणूस मुंबईत सापडत नाही. एसीवाल्या कंपन्या हंगामासाठी माणसं शोधतात जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा दिवाळी संपली की वर्ग सुरू करा आणि फेब्रुवारीअखेर परीक्षा उरका. सुपरवायझरांच्या भेटी, हॉलचं भाडं, पाइपचे पैसे हे सगळं दसऱ्यापर्यंत हातावेगळं झालेलं हवं.