जहाल मिरचीचे बी गणपतीच्या सुमारासच टाका

भूत जोलोकिया, कॅरोलिना रीपर, त्रिनिदाद स्कॉर्पियन या अतितिखट मिरच्या कोकणात चांगल्या येतात. चुकते ती वेळ. नेहमीच्या मिरचीच्या हिशेबाने भातकापणीनंतर बी टाकले, तर झाड फुलावर येईपर्यंत मार्च उजाडतो आणि उन्हाने फूल गळते. जी चार फळे धरतात, ती लाल होईपर्यंत मिरग येऊन ठेपतो. म्हणून बी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून १५ सप्टेंबरपर्यंत पेरावे.

या मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या वेगळ्या प्रजातीतल्या. नेहमीच्या मिरचीचे बी आठ-दहा दिवसांत वर येते, यांना १२ ते २५ दिवस लागतात. त्यापुढे रोप लागणीजोगे व्हायला ५० ते ६० दिवस आणि लागणीपासून पहिले लाल फळ हाती यायला चार महिने धरा. सप्टेंबरात पेरलेले रोप नोव्हेंबरच्या मध्यावर शेतात जाते, जानेवारीच्या गारव्यात फुलते आणि मार्चपासून तोडा देते.

बी घेताना जपा. २०२३ साली गिनीज बुकात सर्वांत तिखट म्हणून नोंद झाली ती ‘पेपर एक्स’ची, सरासरी २६,९३,००० स्कोव्हिल एकक (तिखटपणा मोजायचे माप). पण तिचे पैदासकार एड करी यांनी तिचे बी विक्रीला काढलेलेच नाही. त्या नावाचे पाकीट ऑनलाइन दिसले तर पैसे घालवू नका. त्यांच्याच कॅरोलिना रीपरची नोंद १६,४१,१८३ एककांची. तिचे बी मिळते. भूत जोलोकियाची २००७ सालची नोंद १०,०१,३०४. नेहमीची झणझणीत मिरची ३० ते ५० हजारांत असते, यावरून अंदाज घ्या. आमची पहिली पसंती भूत जोलोकियालाच. ईशान्येतला पाऊस, दमट हवा आणि आंबट माती तिच्या अंगवळणी पडलेली आहे. पहिल्या वर्षी ५० झाडांच्या वर जाऊ नका. घरच्या मसाल्यात ही चिमूटभरच चालते, तेव्हा लोणचे किंवा सॉस करणारे गिऱ्हाईक आधी बोलून ठेवा.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. ५० कप्प्यांच्या ट्रेमध्ये तीन भाग कोकोपीट (काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत भरा. किनाऱ्याकडच्या काथ्याच्या भुशात मीठ असते, म्हणून तो भुसा गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊनच वापरा. नाहीतर बी कुजल्यासारखे वाटते आणि दोष बियाण्याला जातो. बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. उगवणीला २७ ते ३० अंशांची ऊब लागते, म्हणून पावसाळी दिवसांत ट्रे ओटीवर न ठेवता चुलीजवळच्या माळ्यावर ठेवा. कोंब दिसताच मात्र उजेडात, चारी बाजूंनी मोकळ्या प्लास्टिकच्या छपराखाली आणा. रोप मातीलगत बारीक होऊन कोलमडले तर पाणी जास्त होते आहे. पाणी फक्त सकाळी, तेही वरची माती सुकल्यावर द्या आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड हे बुरशीनाशक लिटरला तीन ग्रॅम मिसळून मुळाशी ओता.

जागा निवडताना एकच गोष्ट कटाक्षाने पाळा: मागच्या हंगामात वांगी, टोमॅटो, मिरची असलेली जमीन नको. आपल्याकडे मिरचीचा खरा शत्रू म्हणजे जिवाणूजन्य मर, म्हणजे उभे झाड सुकवणारा रोग. भाताचे खाचर त्यामानाने बरे. पावसाळाभर पाणी साचल्याने रोगाचा जोर कमी होतो. मात्र चर खणून एक फूट उंच गादीवाफे करा. परतीचा पाऊस संपल्याशिवाय लागण नको. दोन ओळींत ९० आणि दोन झाडांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. गुंठ्याला २०० किलो कुजलेले शेणखत घाला. माती तपासून आम्लता जास्त निघाली तर चुना लागणीच्या पंधरा दिवस आधी मिसळा. युरियाचा हात आखडता ठेवा: काळेभोर, पानांनी गच्च झाड दिसायला छान दिसते, पण फुले टाकते. वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन चांगले, फक्त ते खोडाला टेकवू नका.

मर ओळखायची खूण सोपी आहे. पाने हिरवी असतानाच झाड दुपारी मान टाकते, संध्याकाळी सावरते आणि तीन-चार दिवसांत कायमचे बसते. बुडाजवळचे खोड बोटभर लांब कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभे लटकवा. काही मिनिटांत कापातून दुधी धागा खाली उतरू लागला, तर तीच मर. यावर फवारणी नाही. झाड मातीसकट काढून बांधाबाहेर जाळा, खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाका, आणि त्या वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात जाऊ देऊ नका. तिथे वापरलेला कोयता धुतल्याशिवाय पुढे नेऊ नका.

पाने आकसली की सगळे ‘बोकड्या’ (पाने मुरडण्याचा रोग) म्हणून मोकळे होतात आणि मिळेल ते औषध मारतात. आधी पान पाहा. कडा वर वळून पानाची होडी झाली असेल तर फुलकिडे. झाडाखाली पांढरा कागद धरून फांदी झटका, बारीक किडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे लावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. पान उपड्या होडीसारखे खाली वळले आणि देठ लांबले, तर कोळी ही बारीक कीड. त्यावर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला तीन ग्रॅम, तेही उन्हे उतरल्यावर. भर उन्हात पाने भाजतात. कोळ्यावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारू नका, त्याने तो अधिक फोफावतो.

फेब्रुवारी उजाडला की ३५ टक्के सावलीची जाळी लावा. नारळाच्या वाडीत विरळ सावलीची जागा असेल तर तीच उत्तम. दिवसाचे तापमान ३५ च्या वर गेले की फूल टिकत नाही. खाडीकाठच्या विहिरींचे पाणी एप्रिलात मचूळ होते आणि मिरचीला खार सोसत नाही. पानाच्या कडा करपू लागल्या तर आधी पाणी चाखून पाहा.

तोडणीला नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा लागतोच. तिखटपणा बियांत नसतो, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या गाभ्यात असतो आणि तो पाण्याने जात नाही. हाताला लागले तर आधी खोबरेल चोळा, मग साबण. फळ देठासकट तोडा, उभे दोन भाग करून जमिनीपासून उंच जाळीवर वाळवा आणि रात्री दव पडण्याआधी आत घ्या. वाळलेले फळ कुडकुडीत तुटले पाहिजे; वाकले तर बुरशी येणारच. दळण बंद स्वयंपाकघरात करू नका.

माकडे एकदा चावली की या झाडांना सहसा शिवत नाहीत. पक्ष्यांना मात्र तिखट लागतच नाही, तेव्हा लाल फळांवर बुलबुल येतात. बियाण्यासाठी राखलेल्या झाडावर जाळी टाका. त्या झाडाची काही फुले उमलण्याआधीच मलमलच्या पिशवीत बांधा आणि फळ धरले की पिशवी काढून देठाला खुणेचा दोरा बांधा. शेजारी लवंगी असेल तर यंदाच्या फळाचा तिखटपणा बदलत नाही, पण उघड्या फुलांच्या बियांची पुढच्या वर्षीची झाडे सरमिसळ निघतात.